दुरुस्तीचा अधिकार

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज कंपनीतल्या जुन्या नोंदवह्या शेवटचं एकदा हाताळल्या आणि घरी येऊन तीनदा हात धुतले. सोळा वर्षं मी या वह्या तपासतोय. पानांवर तेलाचे डाग, चहाच्या कपाचे गोल. एका पानावर गुटख्याचा थेंब वाळून चिकटलेला, त्याच्याच खाली सुपरवायझरची सही. त्याहून घाण म्हणजे आतला मजकूर. आठ तासांचे आकडे एकाच पेनाने, एकाच बैठकीत, शिफ्ट सुटायच्या पाच मिनिटं आधी भरलेले. तापमान दर तासाला बरोब्बर बहात्तर. जगात एवढं शिस्तशीर तापमान फक्त आमच्या रोह्याच्या केमिकल कंपनीत असतं.

आता हे बंद. येत्या महिन्यापासून सगळ्या नोंदी टॅबवर. लिहिलेलं पुसता येणार नाही. दुरुस्ती केली तर कोणी, किती वाजता आणि का केली, हे आत कायमचं राहणार. कोणी लिहायचं, कोणी दुरुस्त करायचं आणि कोणी नुसतं बघायचं, हे ठरवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे. तो माणूस मी, प्रदीप, गुणवत्ता विभाग. आमचे प्लांट मॅनेजर आदर्श सर आज सगळ्यांसमोर म्हणाले, "चाव्या तुमच्याकडे."

म्हणून ही डायरी सुरू केली. बायकोला, शिल्पाला, तिच्या शाळेत कोणीतरी दिलेली, तिने मला दिली. एवढी मोठी जबाबदारी येतेय, तर मागाहून आठवायला काही असावं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऑपरेटरांचं प्रशिक्षण. बारा माणसं, त्यातल्या चौघांनी टॅबला हात लावण्याआधी बोट चाटलं. मी प्रत्येक टॅबजवळ सॅनिटायझरची बाटली ठेवून दिली.

काळुराम वाघमारे हा रिअॅक्टर तीनवरचा माणूस. वय पन्नाशीला टेकलेलं, आश्रमशाळेत दहावी झालेला, रोह्याबाहेरच्या वाडीवरून सायकलने येतो. हाताची नखं कायम काळी. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने विचारलं, "साहेब, आमचं चुकलं तं खोडायचं कसं?"

"खोडता येत नाही. सुपरवायझरमार्फत माझ्याकडे दुरुस्ती मागायची. कारण द्यायचं."

"आन साहेबांनी खोडलं तं?"

काहीजण हसले. मी म्हणालो, "कोणाच्या बापाला खोडता येत नाही. माझ्या परवानगीशिवाय एक अक्षर हलणार नाही."

"मंग बरं हाय," काळुराम म्हणाला आणि पुढच्या बाकावर जाऊन बसला. प्रश्न असा विचारतात जणू मीच चोर आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

अधिकारांची यादी पूर्ण केली. आदर्श सरांनी दुपारी बोलावून दुरुस्तीचा अधिकार मागितला. "स्पेलिंग वगैरे चुकतं हो लोकांचं. किती वेळा तुम्हाला त्रास द्यायचा?"

मी नाही म्हणालो. तोंडावर. प्लांट चालवणाऱ्याने प्लांटच्या नोंदी दुरुस्त करायच्या नाहीत, हा पहिला नियम आहे. वाटलं, चिडतील. पण ते हसले आणि म्हणाले, "असाच माणूस पाहिजे होता मला." मग स्वतः उठून कॉफी आणून दिली. पुण्याचे आहेत, माणसाला किंमत देतात. केबिनमध्ये शिरलं तरी चंदनासारखा मंद वास येतो. प्लांटमधून तिथे गेलं की नाकाला सुटी मिळते.

९ मार्च, रविवार

काल हमरापूरला चुलतभावाची हळद होती. गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्याच्या शेडमध्येच मांडव. बाकड्यांवर मागच्या वर्षीच्या रंगाचे थर, त्यावरच जेवणाच्या पत्रावळी. मी उभ्यानेच जेवलो.

ऐन हळदीत आदर्श सरांचा फोन. भरत सुपरवायझरचं खातं तीनदा पासवर्ड चुकल्यामुळे बंद पडलेलं, बॅच अडकून बसली. ते उघडायचा अधिकार फक्त मला. इथे बेंजो वाजतोय, मांडवात काही ऐकू येईना. शेवटी मी माझा पासवर्ड सांगितला. दोन मिनिटांत त्यांनी काम उरकलं आणि "आभारी आहे, बिनधास्त नाचा" असा मेसेज टाकला.

घरी येताना शिल्पाने विचारलं, "आता बदलणार ना तो?"

"सोमवारी बदलतो," म्हणालो. बायकांना उगाच काळज्या.

२६ मार्च, बुधवार

महिन्याचा अहवाल गेला. एकही नोंद अपूर्ण नाही. मुख्य ऑफिसातून कौतुकाचा मेल आला. आदर्श सरांनी तो छापून माझ्या टेबलामागे लावला. हल्ली ते अधूनमधून माझ्याच खुर्चीत बसून नोंदी बघतात. एवढ्या वरच्या माणसाने इतका रस घ्यावा, याचं मला बरं वाटतं.

डोकेदुखी एकच, काळुराम. शेऱ्याच्या चौकटीत निबंध लिहितो. "पंप गरम होतो. परवा पण सांगितलं. भरत साहेबांना पण सांगितलं. वास येतो." हा पंप म्हणजे रिअॅक्टरमधून निघणारा विषारी वायू पाण्यात धुणाऱ्या यंत्राचा, स्क्रबरचा. आदर्श सर म्हणाले, बाहेरचे ऑडिटर आले आणि त्यांनी हे वाचलं, तर दुरुस्ती झाल्यावरही दहा खुलासे द्यावे लागतील. शेऱ्याची चौकट बंद करून दोन पर्याय ठेवू या, चालू आणि बंद.

मला पटलं. स्वच्छ काम. बंद दाबलं की लाल, चालू दाबलं की हिरवा.

काळुराम संध्याकाळी दारात आला. आत ये म्हणालो नाही, बुटांना चिखल होता.

"साहेब, लिवायची जागा गेली."

"पर्याय आहेत ना. बंद असेल तर बंद निवडा."

"आन बंद असून चालवाय सांगितलं तं?"

"तसा पर्याय नाही," मी म्हणालो.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी नऊ वीसला रिअॅक्टर तीनजवळ वायू सुटला. सायरन झाला तेव्हा मी जिन्यात होतो. पिवळसर धूर खाली उतरत होता आणि नाकात सुई टोचावी तसा वास.

चंद्रावती खाली गटार झाडत होती. कंत्राटी सफाईतली बाई, बाप वाशीकडच्या मिठागरात कामाला होता, वडखळ नाक्यावर आमच्याच बसमध्ये चढते. काळुराम तोंडाला ओला टॉवेल गुंडाळून आत शिरला आणि तिला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. मग तो स्वतः गेटजवळ कोसळला.

तिच्याबरोबर ऑफिसचं कोणीतरी पाहिजे म्हणून मला अॅम्ब्युलन्समध्ये बसवलं. रोह्याच्या दवाखान्यात पोहोचवलं. तिथून तिला पनवेलला हलवलं. काळुराम रोह्यालाच आहे.

आजचा शर्ट टाकून दिला. जास्त काही लिहवत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

सरकारी निरीक्षक आले. आदर्श सरांनी मला बोलावलं. सकाळी सहा बावन्नची रिअॅक्टर तीनची नोंद मी छापून दिली. स्क्रबर पंप: चालू. नोंद करणार: काळुराम वाघमारे.

पंप तर जळून गेलेला सापडला. म्हणजे हा माणूस पंपाकडे न बघता हिरवं दाबून मोकळा झाला. सोळा वर्षं त्या वह्यांमध्ये हेच बघत आलो. फक्त तेव्हा कोणी मरणाच्या दारात गेलं नव्हतं. आणि महिनाभर हाच पंप पंप करून माझं डोकं खात होता! मला त्या माणसाची शिसारी आली.

निरीक्षकांनी विचारलं, "ही नोंद मागाहून कोणी बदलू शकतं?"

"नाही. अधिकार फक्त माझ्याकडे आहे आणि मी बदललेली नाही."

"तसं लिहून द्याल?"

दिलं. सही केली. आदर्श सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

२० एप्रिल, रविवार

चंद्रावती सकाळी गेली. काळुरामवर निष्काळजीपणाचा गुन्हा लागणार म्हणतात.

शिल्पाने दोनदा विचारलं, अॅम्ब्युलन्समध्ये काय झालं. मी टीव्ही मोठा केला.

२४ एप्रिल, गुरुवार

कंपनीने काळुरामला निलंबित केलंय. चूक मान्य असल्याचं पत्र तयार होतं, त्यावर त्याची सही आणायला आदर्श सरांनी मला पाठवलं. "तुमचं ऐकेल तो. सही केली तर कंपनी त्याचं बघून घेईल, असं सांगा."

वाडीवर पहिल्यांदा गेलो. नदीकाठी वीसेक घरं. काळुराम ओट्यावर बाजेवर पडलेला, डोळे लाल, दर दोन वाक्यांना खोकला. त्याची बायको हौसा दारात उभी. मी पत्र वाचून दाखवलं.

हौसा म्हणाली, "बाय मेली, आन तुमाला सही पायजे?"

"वहिनी, नोंद त्यांचीच आहे. चालू म्हणून."

काळुराम उठून बसला. "चालू? मी बंद दाबलं, साहेब. चौकोन लाल झाला. मी बघितला ना. तवा आदर्श साहेब स्वता खाली आले. बोलले, मालाची गाडी उभी हाय, बॅच घे. मी बोललो, पंप बंद हाय, बंद लिवलंय. ते बोलले, लिव, काय व्हत नाय."

"मग बॅच घेतली कशाला?"

"नाय घेतली तं उद्यापासून गेटवर कोन घेनार मला? तुमी?"

तोच पुढे म्हणाला, "तुमीच बोललात ना, कोनाच्या बापाला खोडता येत नाय. मंग मशिनीत बघा. लाल असंल."

हौसाने पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी केली आणि परत माझ्या हातात दिलं. पाणी विचारलं नाही. मला वाईट वाटलं, आणि इथलं पाणी प्यावं लागलं नाही म्हणून बरंही वाटलं. हे दोन्ही एकाच वेळी वाटलं, ते तसंच लिहून ठेवतो.

२५ एप्रिल, शुक्रवार

छापील कागदावर फक्त शेवटचा शब्द येतो. आधी काय होतं, ते बघायला बदलांचा इतिहास उघडावा लागतो. सतरा तारखेला मी तो उघडलाच नाही. गरजच वाटली नव्हती. बदलायचा अधिकार माझा, आणि मी बदललं नव्हतं.

आज उघडला.

१६ एप्रिल, ६.५२. स्क्रबर पंप: बंद. काळुराम वाघमारे.
१६ एप्रिल, १०.१४. स्क्रबर पंप: चालू. दुरुस्ती करणार: माझं नाव. कारण: टंकनदोष.

दहा चौदाला मी रोह्याच्या दवाखान्यात स्ट्रेचरशेजारी उभा होतो.

मग मागे गेलो. ९ मार्चपासून, म्हणजे हळदीच्या दुसऱ्या दिवसापासून, माझ्या नावाने एकतीस दुरुस्त्या. तापमान, दाब, पंपाच्या वेळा. सगळ्यांचं कारण टंकनदोष. पासवर्ड मी सोमवारी बदलणार होतो. तो सोमवार आलाच नाही.

बेसिनवर जाऊन हात धुतले. किती वर्षं मी लोकांची नखं बघत होतो.

२६ एप्रिल, शनिवार

आदर्श सरांच्या केबिनमध्ये गेलो. दार लावून घेतलं. ते पपईच्या फोडी खात होते, टूथपिकने एकेक टोचून.

"सोळा तारखेची नोंद तुम्ही बदललीत," मी म्हणालो.

"मी? मला अधिकारच कुठे दिलात तुम्ही?"

"पासवर्ड मी तुम्हाला फोनवर सांगितला होता."

"असं लिहून देणार? पासवर्ड सांगणं हाच मोठा गुन्हा आहे, प्रदीप. नियम तुमच्याच सहीचा आहे." आवाज अजिबात चढला नाही. "आणि नोंद खरी आहे म्हणून निरीक्षकांना लिहून तुम्ही दिलंत. मी नाही. नीट विचार करा. यात कोणी बुडेल तर तुम्ही बुडाल."

"ती बाई मेली, सर."

"मला काय आनंद झालाय?" त्यांनी सॅनिटायझरचे दोन थेंब हातावर घेतले आणि बोटांच्या मधून मधून चोळले. अगदी मी चोळतो तसे. "ऑगस्टमध्ये गुणवत्ता प्रमुखाची जागा रिकामी होतेय. मी तुमचंच नाव पाठवलंय. कालच."

मी "बरं" म्हणालो आणि बाहेर आलो. बरं म्हणालो! चंदनाचा वास शर्टाला बसला होता. तोही शर्ट धुवायला टाकला.

३० एप्रिल, बुधवार

चार दिवस काही केलं नाही. पासवर्ड बदलला. केवढी मर्दुमकी.

आज शिल्पाला सगळं सांगितलं. भाजी चिरता चिरता तिने ऐकलं. मला वाटलं, ती म्हणेल नोकरीचं काय, घराच्या हप्त्यांचं काय. तिने सुरी बाजूला ठेवली आणि विचारलं, "तो काळुराम इतक्या दिवसांत एक रात्र तरी झोपला असेल का हो?"

मी चिडलो. माझ्यावर काय येईल याचा विचार कर म्हणालो.

"केला," ती म्हणाली. "मी तुमच्याबरोबर येते. एकट्याने गेलात तर अर्ध्या वाटेतून परत याल."

तिने मला इतकं ओळखलंय, याचाच राग आला.

२ मे, शुक्रवार

रजा टाकून आधी कंपनीच्या गेटवर गेलो. विठू वॉचमनची वही मागितली. गेटवर अजून जुनीच, कोपरे चुरगळलेली, चहा सांडलेली कागदी वही. १६ एप्रिलच्या पानावर त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात होतं: "९.५५ अॅम्ब्युलन्स बाहेर. सोबत प्रदीप साहेब. १.३० साहेब परत." मी फोटो काढला. विठूने पान सपाट धरलं. म्हणाला, "नीट काढा, वेळ दिसली पाहिजे."

मग रोहा पोलीस ठाणे. शिल्पा शेजारी बसलेली. बदलांच्या इतिहासाची एकतीस पानं टेबलावर ठेवली. जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्याने सगळं दोनदा वाचलं.

"म्हणजे पासवर्ड तुम्ही स्वतः दिला."

"हो."

"आणि नोंद अस्सल आहे असं लिहूनही तुम्हीच दिलं. न तपासता."

"हो."

"तुमच्यावरही गुन्हा येईल. समजतंय ना?"

"समजतंय."

"शेऱ्याची चौकट कोणी बंद केली?" हे त्यांनी विचारलं नव्हतं. हे मीच स्वतःला विचारलं आणि मीच सांगितलं. अधिकाऱ्याने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग तेही लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मला वाटलं होतं, हलकं वाटेल. नाही वाटलं. रसवंतीवर उभे राहिलो, शिल्पा रस प्यायली, मी ग्लास धरून नुसता उभा होतो.

९ जून, सोमवार

काळुरामचं नाव गुन्ह्यातून काढलं. आदर्श सरांना अटक झाली, आठव्या दिवशी जामीन. मी आरोपी क्रमांक दोन. नोकरीवरून काढल्याचं पत्र कुरियरने आलं. त्यात लिहिलंय, मी विश्वासाचा भंग केला. वाक्य खरं आहे, ज्याने लिहिलं त्याला ते माहीत नसेल एवढंच.

काळुरामला भेटायला गेलो होतो. डॉक्टरांनी पुन्हा प्लांटमध्ये जायचं नाही म्हणून सांगितलंय. दम लागतो. त्याने माझे आभार मानले नाहीत. मी वाट बघत होतो, हे निघताना लक्षात आलं आणि स्वतःचीच किळस आली. तो एवढंच म्हणाला, "लाल व्हतं ना?"

"लाल होतं."

"मंग झालं."

२२ जून, रविवार

दुपारी बेल वाजली. विशीतली मुलगी, हातात पिशवी. वडखळहून एसटीने आली होती, आमच्या रामवाडीत घर शोधत शोधत. म्हणाली, "मी सोनी. चंद्रावतीची पोरगी."

शिल्पाने तिला आत बसवलं आणि चहा टाकला. सोनी खुर्चीच्या कडेवर बसली.

"दवाखान्याच्या कागदावर तुमचं नाव हाय. गाडीत तुमीच व्हतात ना तिच्यासंगं? पनवेलला मी पोचले तवर तिला शुद्ध नव्हती. शेवटी शुद्धीवर असताना तुमीच व्हतात." मग तिने विचारलं, "आई काय बोलली?"

माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. तिने तुझं नाव घेतलं. दोन महिने मी स्वतःलाही साधारण असंच काहीतरी सांगत होतो. स्वयंपाकघराच्या दारात शिल्पा उभी होती. तीही तेच ऐकायला थांबली असावी. मी म्हटलं असतं, तर या मुलीने ते जन्मभर जपलं असतं आणि जगात कोणालाही कळलं नसतं.

मी म्हणालो, "ती काही बोलली नाही. तिला बोलता येत नव्हतं. तोंडातून फेस येत होता. तिने माझी बाही धरली. मला घाण वाटली. मी तिची बोटं सोडवली आणि हात बाजूला ठेवला. मग दवाखाना येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होतो."

आतमध्ये चहा उतू गेला. शिल्पा जागची हलली नाही.

सोनीने माझ्या हातांकडे पाहिलं. मग विचारलं, "जोरात धरलीवती का?"

"हो. खूप जोरात. मला एकेक बोट सोडवावं लागलं."

"म्हंजे कळत व्हतं तिला."

"कळत होतं."

तिने मान हलवली. पिशवी उचलली, शिल्पाला "येते" म्हणाली आणि चपला घातल्या. मी उठलो. स्टँडपर्यंत सोडायला येतो म्हणालो.

"नको," ती म्हणाली.